उजव्या हाताचा माउस

टाचणीबाईंचा हात चुकायला लागलाय, हे आधी फळ्याला कळलं आणि मग बाईंना.

फळा कचेरीच्या दारातच टांगलेला होता. पांढरा, गुळगुळीत. त्यावर लाल शाईनं सगळ्यांची नावं आणि नावापुढं आदल्या दिवशीच्या चुकांचा आकडा. पाण्याचे जार आणून देणारा माणूससुद्धा तो वाचून जायचा. बाई बावन्न वर्षांच्या, एकोणीस वर्षं याच कामात मुरलेल्या, आणि रोज सकाळी डब्याची पिशवी हातात धरून त्यांनी आपला आकडा वाचायचा. नऊ. अकरा. चौदा. मेल्याहून मेल्यासारखं होतं हो माणसाला.

काम काय, तर जमिनीचे जुने नकाशे संगणकावर गिरवायचे. पडद्यावर पिवळट कागदाचं चित्र दिसतं. त्यातल्या एकेका तुकड्याच्या कोपऱ्यांवर माउसनं टिचकी मारत जायचं. एक टिचकी, एक ठिपका. शेवटच्या कोपऱ्यावर मात्र लागोपाठ दोन टिचक्या. दोन पडल्या की तुकडा बंद होतो आणि त्यात रंग भरतो. आता शेवटच्या आधीच्याच कोपऱ्यावर चुकून दोन पडल्या, तर संगणक सरळ रेघ मारून मोकळा, राहिलेला कोपरा बाहेर. कचेरीत याला ‘कोपरा खाल्ला’ म्हणायचे. कुणाची विहीर, कुणाचं अंगण असं कागदावरून गुपचूप नाहीसं होतं. टाचणीबाईंनी एकोणीस वर्षांत कोपरा खाल्ला नव्हता. ठिपका अगदी टोकावर, टाचणी टोचावी तसा. म्हणून टाचणीबाई. बोलण्यातही टोचायच्या, ते वेगळं.

फळ्याची कल्पना घाईबुवाची. या माणसाला आदरानं बोलायला जीभ वळत नाही, तेव्हा आपण ‘तो’च म्हणू. नऊ वर्षं तो बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसला. काम धाडधाड, माउसवर टिचक्या अशा मारायचा की खिळे ठोकतोय. नकाशे भराभर व्हायचे आणि त्यातल्या चुका बाई दुरुस्त करायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुने सुपरवायझर निवृत्त झाले तेव्हा मोठ्या मॅडमनी त्याला तात्पुरतं बसवलं. “कायमचं कुणाला ते मी दोन महिन्यांनी ठरवते,” त्या म्हणाल्या, “हा नाहीतर टाचणीबाई.” झालं, तिथंच माशी शिंकली. त्याच आठवड्यात फळा आला. तो स्वतः डाव्या हातानं त्यावर लिहायचा, आणि डावखुऱ्याचं होतं तसं त्याचंही व्हायचं: लिहिता लिहिता मागचं मनगटानं पुसलं जायचं, आकडे फरफटायचे. दिवसभर त्याच्या डाव्या तळहाताची कड लाल दिसायची.

चौदाचा आकडा आला त्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “काय ताई, झोप होत नाही का?”

“माउसचं काहीतरी बघा,” बाई म्हणाल्या. “मी एकदाच दाबते आणि तो दोनदा घेतो असं वाटतं.”

“माउसला नावं ठेवू नका ताई. हात बघा आपला.” आणि चारजण हसले. हसणाऱ्यांचं काय जातं?

बाईंनी रीतसर अर्ज दिला: माझा माउस तपासून मिळावा. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. खाली उलट्या बाजूला झुकलेल्या अक्षरात शेरा होता: ‘माउस तपासला. निर्दोष आहे. हात तपासून घ्यावा.’ खाली सही. बाईंनी तो कागद घडी करून खणात ठेवला. एकोणीस वर्षांत कुणी त्यांच्या हाताबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

आणि खरी गोष्ट सांगायची तर बाई त्या शेऱ्यावर विश्वास ठेवून बसल्या. त्यांच्या आईचे हात उतारवयात थरथरायचे. पेला ओठाला लागेपर्यंत निम्मं पाणी पदरावर. ते चित्र बाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी हात पुढं करायला लावले, पसरलेल्या बोटांवर कोरा कागद ठेवला आणि बघत बसले. कागद हलला नाही. “हाताला काही झालेलं नाही,” डॉक्टर म्हणाले. बाईंना वाटलं, घाबरल्यामुळं हात आवळून धरला असेल आपण. घरी येऊन त्यांनी नवऱ्याची सुई घेतली. नवरा सोफे शिवायचा, त्याच्याकडं बारीक-मोठ्या सुयांचा डबाच होता. रोज सकाळी त्यातली सगळ्यात बारीक सुई काढून बाई दोरा ओवायच्या. पहिल्या झटक्यात जायचा. आणि कचेरीत गेलं की कोपरे खाल्लेलेच. तुकडा मध्येच बंद झाला तर दिसतो, तो पुन्हा काढता येतो, फक्त वेळ जातो. पण शेवटचा एक कोपरा राहिला तर शेकडो तुकड्यांच्या गर्दीत कुणाला दिसणार? दिसायचं ते दुसऱ्या दिवशी, फळ्यावर.

शेजारच्या टेबलावर आता एक जाड चष्मेवाला बसायचा. भला माणूस. त्यालाच दया आली. “बाई, तुम्ही तो खेळणाऱ्या पोरांचा माउस घ्या. गेमिंग माउस. माझी भाची त्याच्यावर स्पर्धा जिंकते. म्हणे हात कसाही असो, तो सांभाळून घेतो.”

हात कसाही असो! बाईंना ते लागलं. पण बुडत्याला काडी दिसली की तो काडीची जात विचारत नाही.

घरी विषय निघाला. नवरा म्हणजे एक कात्री घ्यायला तीन महिने लावणारा माणूस. आधी सगळ्यांकडची बघणार, कापून बघणार, मग म्हणणार जुनीच बरी. किंमत ऐकून त्यानं तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या.

“त्यात साधे सहा येतील.”

“मला सहा नकोत. एक नीट हवा.”

“आणि कचेरीच्या कामाला घरचा माउस? उद्या खुर्ची घेऊन जा, परवा पंखा.”

“तुझं काय जातंय?” सासूबाई आतून म्हणाल्या. सासूबाई पंचाहत्तरीच्या. कधी कुणी काय बोललं होतं, ते तारीखवार तोंडपाठ. स्वतःच्या नणंदेशी त्या बावीस वर्षं बोलल्या नव्हत्या, आणि नणंद गेली तेव्हा म्हणाल्या, शेवटी तीच आधी गप्प झाली. “घेऊ दे तिला. पण सूनबाई, मी काय सांगते ऐक. टाके सुटले की मी आधी हाताला दोष द्यायची नाही. आधी सुई बघायची, मग दोरा, मग हात. तुझा जुना माउस पिशवीत घालून दुकानात ने. नव्याशी ताडून बघ. नाहीतर नवा घेशील आणि रडशील.”

“कचेरीची वस्तू बाहेर कशी नेऊ?”

“डब्यात घाल,” सासूबाई म्हणाल्या.

तर एका शनिवारी दुपारी, कचेरी सुटल्यावर, बाईंनी रिकाम्या डब्यातून माउस काढून दुकानाच्या काउंटरवर ठेवला. त्याला भाजीचा वास येत होता. दुकानदारीण पस्तिशीची, केस बॉयकट, बोलणं फटकळ. मागच्या भिंतीवर माउसच माउस लटकलेले, काही हिरवे लुकलुकणारे, काही जांभळे.

“खेळता काय तुम्ही?” तिनं विचारलं.

“जमिनी गिरवते.”

जुना माउस तिनं आपल्या संगणकाला जोडला, टिचक्या मोजणारं पान उघडलं. “दहा वेळा दाबा. सावकाश.”

बाईंनी दाबलं. मनात मोजून दहा. पडद्यावर आकडा आला: तेरा.

“पुन्हा.”

पुन्हा दहा. पडद्यावर चौदा.

आता दुकानदारणीनं स्वतः दाबलं. दहाचे तेरा. “आतली पत्ती मेलीय याची. एक दाबलं की कधी एक घेतो, कधी दोन. माउस गेलाय, तुमचा हात शाबूत आहे.”

बाई स्टुलावर बसल्या. एकेचाळीस दिवस! एकेचाळीस दिवस रोज सकाळी सुई ओवली. झोपेत आईचा पेला बघितला. लेकीला फोनवर सांगूनसुद्धा टाकलं की माझे हात गेले. डोळ्यांत पाणी आलं ते सुटकेचं, पण ते गालावर यायच्या आत दुकानदारीण म्हणाली, “तुम्ही डावखुऱ्या का?”

“नाही. का?”

“मग हा माउस तुमचा नाही.” तिनं तो उलटसुलट करून दाखवला. काळं प्लॅस्टिक सगळीकडं खरखरीत, फक्त उजव्या अंगाला एक गुळगुळीत, चकचकीत डाग. “इथं अंगठा घासलाय. वर्षानुवर्षं. उजव्या हातानं धरणाऱ्याचा अंगठा डावीकडं येतो. हा डावखुऱ्यानं झिजवलाय. आणि खालचं नंबरचं लेबल बघा, खरवडून काढलंय.”

डोळ्यांतलं पाणी तिथंच आटलं. कचेरीत डावखुरा एकच. आणि बाईंना तो शनिवार आठवला. सुपरवायझर झाल्या झाल्या त्यानं सगळ्यांचे माउस गोळा केले होते, ‘साफ करून देतो’ म्हणून. सगळे एकाच जातीचे, काळे, जुळ्या भावंडांसारखे. सोमवारी परत वाटले. त्याच सोमवारपासून बाई कोपरे खात होत्या. हात तपासून घ्यावा! लिहिताना त्याचा तोच हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

“तुझा मुडदा बशिवला,” बाई म्हणाल्या.

“माझा?”

“नाही हो. एकाचा.”

आता प्रश्न असा होता की गेमिंग माउस घ्यायचा की नाही? हात तर बरा निघाला. साधा नवा माउस घेतला तरी काम भागत होतं. नवरा हेच म्हणाला असता, आणि ते बरोबरही होतं. बाई भिंतीकडं बघत राहिल्या. साधा माउस दोन्हीकडून सारखा, कुणाच्याही हातात बसतो. म्हणून तर तो उचलता येतो, बदलता येतो, ढापता येतो.

“तो जांभळा दाखवा,” त्या म्हणाल्या.

दुकानदारणीनं खाली काढला. डावीकडं अंगठ्यासाठी खोलगट जागा, उजवीकडं उतार, सगळा एका अंगाला वळलेला. बाईंनी हात ठेवला. पायाच्या मापाची चप्पल मिळावी तसं वाटलं.

“याच्यावर डावखुऱ्याला काम करता येईल?”

“अंगठ्याला जागाच नाही. बोटं वाकडी होतील. डावखुऱ्यांचे वेगळे येतात, आमच्याकडं ठेवत नाही.”

“मग हाच द्या,” बाई म्हणाल्या. “आणि जुन्यावरचा तो डाग पुसू नका. असू दे तसाच.”

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नवरा म्हणाला, मोठ्या मॅडमना सरळ सांग, दाखव तो डाग. सासूबाईंनी हात झटकला. “सांगितलं की तो म्हणेल, साफ करताना अदलाबदल झाली, माफ करा ताई. मॅडम म्हणतील, असू दे. आणि हिनं एकेचाळीस दिवस जे भोगलं ते गेलं वाऱ्यावर. सूनबाई, ज्याचं त्याला परत कर. बास. परत करण्यात पाप नसतं.”

सोमवारी बाई सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचल्या. सुपरवायझरच्या टेबलावरचा माउस उचलून उजेडात धरला. डाव्या अंगाला अंगठ्याचा चकचकीत डाग. त्यांचाच. सहा वर्षं त्यांनीच झिजवलेला, आणि त्यावर आता तो ऐटीत काम करत होता. बाईंनी तो जागेवर ठेवला. आत्ता नाही. मॅडम येणार होत्या शुक्रवारी, जागा कायमची कुणाची ते ठरवायला. दोघांना बैठकीच्या खोलीत बसवून, एकाच नकाशाचे दोन भाग देऊन, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर गिरवायला लावणार होत्या. ‘सवयीचा माउस आपापला आणा,’ असा निरोपही आला होता. चार दिवस फळ्यावर तेरा, बारा, पंधरा, अकरा वाचत बाईंनी तोंडातून ब्र काढला नाही. जांभळा माउस घरी ठेवला आणि मुद्दाम त्या मेलेल्या माउसवरच काम केलं. इतक्या निवांत त्या कधी चुकल्या नव्हत्या. आणि चुकांची मोजणी होऊन गेली की खाल्लेला एकेक कोपरा संध्याकाळी स्वतःच शोधून भरला, कारण ज्यांची अंगणं होती त्यांनी बाईंचं काही वाकडं केलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी अदलाबदल केली. दोन माउस, दोन टेबलं, मिनिटभराचं काम. आपला जुना माउस पिशवीत टाकला आणि घाईबुवाचा घाईबुवाला दिला.

बैठकीच्या खोलीत तो आला तो हसतच. बाईंच्या हातातला जांभळा माउस बघून म्हणाला, “अरे वा! ताई आता गेम खेळणार!” चारजण हसले. तेच चार.

“वय झालं,” बाई म्हणाल्या. “हाताला आधार लागतो.”

मॅडमनी घड्याळ लावलं. बाईंचा ठिपका पडला, टोकावर. मग दुसरा, तिसरा. पहिला तुकडा रंगला. घाईबुवानं नेहमीसारखी धडाधड सुरुवात केली आणि चौथ्याच कोपऱ्यावर तुकडा धाडकन बंद झाला. भिंतीवर सगळ्यांना दिसलं. त्यानं पुसला, पुन्हा काढला. पुन्हा बंद. त्यानं माउस उचलून आपटला, उलटा केला आणि तसाच थांबला. खरवडलेलं लेबल दिसलं असणार. मग त्याची नजर सावकाश बाईंकडं वळली. बाई त्याच्याकडंच बघत होत्या. मान हलवली नाही, हसल्या नाहीत. काय सांगू, त्या एका नजरेसाठी तसले दहा माउस घेतले असते त्यांनी.

“ताई, जरा तुमचा माउस,” तो घाईनं म्हणाला आणि डावा हात पुढं केला.

“घ्या की.” बाईंनी सरकवला.

त्यानं तो धरला. बोटं वाकडी झाली, अंगठा हवेत. एक ठिपका रस्त्यात पडला, दुसरा नदीत. खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं जांभळा परत ढकलला.

“माउस बिघडलाय का तुमचा?” मॅडमनी विचारलं. “तसं असेल तर सांगा, पण तुमचा अहवाल आहे माझ्याकडं. तुम्ही स्वतः सगळे माउस तपासलेत, सगळे निर्दोष. त्यावरच तर बाईंच्या चुका मी हाताच्या धरल्यात.”

बिघडलाय म्हणावं तर अहवाल खोटा. आणि अहवाल खोटा, तर बाईंचे ते सगळे आकडे कुणाचे? डाव्या हाताची लाल कड त्यानं विजारीला पुसली.

“नाही मॅडम,” तो म्हणाला. “माउस ठीक आहे. आज... आज हात जरा बरोबर नाही माझा.”

बाईंनी ते ऐकलं आणि पुढचा तुकडा घेतला.

वेळ संपली. बाईंचा एकही कोपरा गेला नव्हता. घाईबुवाचे निम्मेच तुकडे झाले होते आणि त्यात सात कोपरे खाल्लेले. मॅडम उठताना म्हणाल्या, “बाई, सोमवारपासून तुम्ही बसा त्या टेबलावर. आणि तो फळा तुमच्या ताब्यात.” बाईंनी लाल पेन घेतला आणि घाईबुवाच्या नावापुढं सात लिहिला. उजव्या हातानं लिहिलेलं पुसलं जात नाही. स्वच्छ, ठसठशीत सात, जाता-येता सगळ्यांना दिसेल असा. सोमवारी त्यांनी फळा उतरवायला सांगितला, पण शनिवारचा अख्खा दिवस तो सात तिथं राहू दिला.

सोमवारी दुपारी घाईबुवा त्यांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. हातात तो माउस. “ताई,” तो हळू म्हणाला, “झालं गेलं ते... हा जरा बदलून मिळेल का?”

“रीतसर अर्ज लागतो,” बाई म्हणाल्या.

“लिहून देतो.”

“कशाला त्रास? लिहिलेला आहे.” त्यांनी खणातून घडी केलेला कागद काढला आणि त्याच्यापुढं सरळ करून ठेवला. “शेरासुद्धा मारलाय. तुमच्याच अक्षरात. वाचा.”

त्यानं वाचलं. कागद टेबलावर ठेवून तो आपल्या जागेवर गेला आणि कामाला लागला. त्याच्या नकाशांतले कोपरे बाई रोज संध्याकाळी स्वतः तपासून भरत गेल्या, एकही सुटू दिला नाही. संध्याकाळचा एक जादा तास त्यात जायचा. तो त्यांनी आनंदानं दिला.

लोक विचारतात, मन शांत झालं का बाईंचं? झालं. चांगलं शांत झालं. सुई ओवायची बंद झाली आणि आईचा पेलाही झोपेत यायचा थांबला. साधा नवा माउस त्यांनी घाईबुवाला दिलाच, दिला नाही असं नाही. बेचाळिसाव्या दिवशी दिला.